नोबेल क्योतोला, माहितीपत्रक दादरला: आयपीएस पेशींचा रुग्णाला आज उपयोग किती?

मुलुंडकर

दादरच्या एका खासगी दवाखान्याचे माहितीपत्रक सध्या आमच्या घरात फिरते आहे. पहिल्या पानावर जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांचे छायाचित्र आणि २०१२ च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख आहे. आतल्या पानावर पार्किन्सन्स, गुडघेदुखी, स्वमग्नता, मधुमेह आणि पक्षाघात या सर्वांवर ‘रुग्णाच्याच मूलपेशींनी’, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशींनी, उपचार केले जातील असे म्हटले आहे. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाच्या एका गोळीचा परिणाम दुसरी घेण्याची वेळ होण्याआधीच ओसरू लागला आहे, त्यामुळे आईचा या उपचाराकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. खर्च काही लाखांत सांगितला आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. शरीरातील सामान्य पेशींना मागे नेऊन त्यांच्या मूलपेशी बनवण्याचे जे संशोधन यामानाकांनी केले, त्याचा या दवाखान्यातील उपचाराशी काही संबंध आहे का? आणि त्या संशोधनाचा प्रत्यक्ष रुग्णाला होणारा उपयोग आज नेमका कुठवर आला आहे? वृत्तपत्रांतले मथळे मी पुष्कळ वाचले आहेत. मला त्यांच्या खालची माहिती हवी आहे.

सूक्ष्मदर्शी

मी मुंबईतील एका संशोधन संस्थेत याच पेशी वाढवण्याचे काम करते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निश्चितपणे ‘नाही’ असे आहे. अशा दवाखान्यांत सामान्यतः कमरेच्या हाडातील मगज किंवा पोटावरील चरबी काढतात, ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करतात आणि त्याच दिवशी किंवा थोड्या दिवसांनी टोचतात. त्यात पेशी मागे नेण्याचा भागच नाही. त्या मगजात किंवा चरबीत आधीपासून असलेल्याच पेशी असतात, आणि त्यांच्यापासून मेंदूतील चेतापेशी तयार होऊन तिथे जाऊन बसतात याला पुरावा नाही.

यामानाकांचे काम वेगळे आहे. आपल्या त्वचेच्या पेशीत आणि चेतापेशीत जनुके तीच असतात, पण कोणती वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची हे ठरलेले असते. डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरील रासायनिक खुणा हा निर्णय टिकवून ठेवतात. यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी भ्रूणातील मूलपेशींत महत्त्वाची वाटणारी २४ जनुके निवडली आणि ती विषाणूंच्या मदतीने उंदराच्या त्वचेच्या पेशींत एकत्र घातली. काही पेशी खरोखरच मूलपेशींसारख्या वागू लागल्यावर त्यांनी दर वेळी एकेक जनुक वगळून पाहिले. कोणते वगळल्यावर काम अडते हे तपासत तपासत शेवटी चार उरली: ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. हा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. २००७ च्या नोव्हेंबरात त्यांनी आणि अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटाने, स्वतंत्रपणे, मानवी पेशींवर हेच साध्य करून दाखवले. या पेशींना आयपीएस (इंड्यूस्ड प्लुरिपोटंट स्टेम) पेशी, म्हणजे मुद्दाम घडवलेल्या आणि कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूलपेशी, म्हणतात.

गिरगावचा गणू

म्हणजे निवृत्त मामलेदाराला पुन्हा बिगारीत नेऊन बसवायचे, आणि मग तो गवई होईल की वैद्य हे नव्याने ठरवायचे, असे मी समजून घेतले आहे. शास्त्रज्ञांची हरकत नसेल तर मी स्वतः अर्ज करायला तयार आहे.

सूक्ष्मदर्शी

गणूभाऊ, हरकत नाही. फक्त हजार मामलेदारांमागे एखादासुद्धा बिगारीत पोहोचत नाही, ही गोष्ट अर्ज करताना लक्षात असू द्या. सुरुवातीच्या प्रयोगांत यशाचे प्रमाण इतकेच होते, आणि आजही बहुतेक पेशी मध्येच अडकतात किंवा मरतात.

जुना वाचक

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण त्या नोबेलचे दुसरे मानकरी नेहमी विसरले जातात. ते पारितोषिक यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले होते. गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून, स्वतःचे केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातले आणि त्यापासून पोहणारी बेडूकपिल्ले मिळवली. हा शोधनिबंध १९६२ चा, म्हणजे यामानाकांच्या जन्मवर्षाचाच. शाळेत असताना जीवशास्त्राच्या शिक्षकांनी या मुलाला विज्ञान जमणार नाही असा शेरा दिला होता, आणि तो प्रगतिपत्रकाचा कागद गर्डन यांनी पुढे आपल्या कार्यालयात चौकट करून लावला. १९९६ साली जन्मलेल्या डॉली मेंढीने हीच गोष्ट सस्तन प्राण्यांतही शक्य असल्याचे दाखवले. तोपर्यंत मागे नेण्याची किमया अंड्याकडेच होती. चार जनुकांनीही ते काम होते हे कळल्यावर अंड्याची गरज उरली नाही.

यात मुंबईचाही एक धागा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी सरकारी अनुदान फक्त आधीच तयार झालेल्या भ्रूणमूलपेशींच्या वाणांपुरते, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या संचांपुरते, मर्यादित केले. पात्र वाणांची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांतले सात वाण मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे होते. या पेशी मिळवताना भ्रूण नष्ट करण्यावरून तिकडे इतका वाद पेटलेला असताना त्वचेच्या पेशीपासून तेच मिळते म्हटल्यावर त्या वादातली निम्मी हवा गेली, आणि या शोधाचे एवढे स्वागत होण्यामागे हेही एक कारण होते.

अंधेरीचा आशावादी

इतिहास उत्तम आहे, परंतु मुलुंडकरांच्या वडिलांना इतिहासाचा उपयोग नाही. माझ्या सासऱ्यांनी अशाच एका दवाखान्यात इंजेक्शने घेतली होती, आणि त्यानंतर त्यांचा हाताचा कंप कमी झाला हे आम्ही सर्वांनी पाहिले. सरकारी परवानग्यांना दशके लागतात. ज्याचा आजार वाढतो आहे त्याने वाट पाहत बसावे, असा सल्ला देणाऱ्यांना त्या घरात राहावे लागत नाही. स्वतःच्याच पेशी स्वतःला टोचल्या तर अपाय तरी काय होणार?

चेतातंतू

मी महापालिकेच्या रुग्णालयात मेंदूविकार विभागात दीर्घकाळ काम करून निवृत्त झालो आहे. आशावादींची तळमळ मला परकी नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पार्किन्सन्समध्ये मध्यमस्तिष्कातील एका काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. कंप सुटून रुग्ण आमच्यापर्यंत येतो तोवर त्यांतला मोठा वाटा गेलेला असतो. गोळीतील लेव्होडोपाचे डोपामिन करून ते साठवण्याचे काम उरलेल्या पेशी करतात. त्या कमी होत गेल्या की साठवणही कमी होते, आणि मुलुंडकरांनी लिहिले तसा परिणाम लवकर ओसरतो. म्हणून ‘गेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी’ हा विचार मुळात चुकीचा नाही. स्वीडनमधील लुंड येथे १९८० च्या दशकातच गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणांच्या मेंदूतील ऊती रुग्णांच्या मेंदूत बसवल्या गेल्या आणि काही रुग्णांना कित्येक वर्षे फायदा झाला.

मात्र २००१ साली अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष आले. तीत ४० रुग्ण होते. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना सांगितले नाही. पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे औषध बंद असतानाही अंगाच्या अनावर हालचाली सुरू झाल्या. त्याच रुग्णांच्या पाठपुराव्यात असे दिसले की, आपल्याला पेशी मिळाल्या असे ज्यांना वाटत होते त्यांना, त्या मिळालेल्या असोत वा नसोत, आपले जीवनमान सुधारल्याचे जाणवत होते. पार्किन्सन्समध्ये अपेक्षेचा परिणाम विलक्षण मोठा असतो. तेव्हा आशावादींच्या सासऱ्यांचा कंप कमी झाला हे मी नाकारत नाही. तो पेशींमुळे कमी झाला एवढेच त्यावरून सिद्ध होत नाही.

अपायाबद्दल बोलायचे तर २०१७ साली फ्लोरिडातील तीन स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. स्वतःच्याच चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या होत्या. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली, आणि प्रत्येकीने त्यासाठी ५,००० डॉलर मोजले होते.

रेवती ठाणे

चेतातंतू सर, मग जपानमध्ये पार्किन्सन्सवर आयपीएस पेशींचा जो प्रयोग झाला, तो यापेक्षा वेगळा कसा?

चेतातंतू

क्योतो विद्यापीठात जुन ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखाली २०१८ साली पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली, आणि निष्कर्ष २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ५० ते ६९ वयाच्या सात रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना आयपीएस पेशींपासून वाढवलेल्या, डोपामिन बनवण्याच्या वाटेवर असलेल्या पेशी सोडण्यात आल्या. त्यानंतर दोन वर्षे पाहणी झाली. कोणालाही गंभीर अपाय झाला नाही आणि गाठ आली नाही. सुधारणेच्या दृष्टीने सहा जणांची तपासणी झाली, त्यांतील चौघांच्या हालचाली औषध न घेतलेल्या अवस्थेत आधीपेक्षा चांगल्या झाल्या. स्कॅनमध्ये मेंदूच्या संबंधित भागात डोपामिन तयार होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत वजनदार बाब आहे, कारण स्कॅनला अपेक्षेचा परिणाम सहजी होत नाही.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकांत कधीच येत नाही. या पेशी त्या रुग्णांच्या स्वतःच्या नव्हत्या. त्या एका दात्याच्या होत्या, आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून रुग्णांना वर्षाहून अधिक काळ प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे लागले. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सात रुग्णांची चाचणी ही मुख्यतः ‘हे सुरक्षित आहे का’ एवढेच विचारण्यासाठी असते.

विक्षिप्त विद्यार्थी

मला कळत नाही ते असे की, रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वापरता येणे हाच जर या शोधाचा मोठा फायदा होता, तर दात्याच्या पेशी कशासाठी वापरल्या?

सूक्ष्मदर्शी

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. सुरुवात स्वतःच्या पेशींनीच झाली होती. २०१४ च्या सप्टेंबरात कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून तयार केलेल्या पेशींचा पातळ पडदा बसवला. वार्धक्यामुळे तिच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला होता. आयपीएस पेशी माणसात वापरल्याचे ते पहिले उदाहरण. दृष्टी फारशी सुधारली नाही, पण खालावायची थांबली आणि गाठ आली नाही. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या होत्या. मात्र तपासणीत त्यांच्या जनुकांत काही बदल आढळले आणि शस्त्रक्रिया थांबवण्यात आली. एकेका रुग्णासाठी वेगळ्या पेशी बनवायच्या, महिनोन्महिने वाढवायच्या आणि प्रत्येक तुकडीची पुन्हा पूर्ण तपासणी करायची, हे वेळेच्या आणि पैशांच्या दृष्टीने परवडत नाही असे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणून जपानने ऊती-जुळणीच्या दृष्टीने जास्तीत जास्त लोकांना चालतील असे दाते शोधून त्यांच्या पेशींचा साठा केला.

तपासणीचा एवढा बाऊ का करतात, हेही सांगते. चार जनुकांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी संबंधित जनुक आहे, आणि आरंभीच्या प्रयोगांत अशा पेशींपासून जन्मलेल्या काही उंदरांना गाठी आल्या होत्या. आता जनुके डीएनएत कायमची शिरू नयेत म्हणून सेंडाई विषाणू किंवा काही काळाने नाहीशी होणारी डीएनएची वर्तुळे वापरतात. तरीही दुसरा धोका राहतोच. लाखो चेतापेशींत न बदललेल्या थोड्या आयपीएस पेशी राहून गेल्या, तर त्या शरीरात वाढून दात, केस, हाड असे काहीही असलेली गाठ बनवू शकतात.

गिरगावचा गणू

डोक्यात दात उगवण्याची शक्यता असेल तर मी माझा अर्ज मागे घेतो. मामलेदारी बरी होती.

रेवती ठाणे

थोडे विषयाच्या कडेचे विचारते. माझ्या बाळंतपणाच्या आधी एक प्रतिनिधी आमच्या घरी येऊन नाळेतील रक्त साठवण्याची योजना समजावून गेला. उद्या बाळाला कोणताही आजार झाला तरी ‘त्याच्याच मूलपेशी तयार असतील’, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही पैसे भरले. आता हा धागा वाचताना असे वाटते की, प्रौढ माणसाच्या थोड्या रक्तापासूनही आयपीएस पेशी बनवता येत असतील, तर नाळ जपून ठेवण्याला काय अर्थ राहिला?

चेतातंतू

नाळेतील रक्तातल्या मूलपेशी मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या असतात, आणि रक्ताच्या काही आजारांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण तो उपयोग प्रामुख्याने दुसऱ्याला होतो. ज्या मुलाला जन्मजात रक्तदोष आहे, त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, भविष्यात स्वतःला उपयोगी पडेल म्हणून नाळेतील रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही असे स्पष्ट म्हटले आहे.

त्याच दस्तऐवजातली मुलुंडकरांच्या कामाची गोष्ट अशी की, रक्ताच्या आजारांसाठी केले जाणारे मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर इतर कोणत्याही आजारावर मूलपेशींचा वापर हा मान्यताप्राप्त उपचार समजला जात नाही. तो करायचा झाल्यास मंजूर चाचणीचा भाग म्हणूनच करायचा असतो.

उल्हासनगरी

रक्ताचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागात थॅलेसेमियाची मुले बरीच आहेत आणि मी त्यांच्यासाठी रक्तदान शिबिरे भरवतो. अशा मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि मे महिन्याच्या सुटीत दाते गावी गेले की आमची तारांबळ उडते. मध्यंतरी जनुक बदलून थॅलेसेमिया बरा करणारे औषध आल्याची बातमी वाचली. तेही आयपीएस पेशींचेच का?

सूक्ष्मदर्शी

नाही, आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण म्हणता ते कॅसजेव्ही. त्याला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी काढून, त्यांतील एका जनुकाला क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने, छेद देऊन परत देतात. पेशी मागे नेत नाहीत. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे.

आयपीएस पेशींच्या बाबतीत याच दिशेचा एक जुना प्रयोग आहे. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेत रुडॉल्फ येनिश यांच्या गटाने सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या उंदराच्या शेपटीतील पेशींपासून आयपीएस पेशी बनवल्या, त्यांतील दोष दुरुस्त केला, त्यांच्यापासून रक्त तयार करणाऱ्या पेशी घडवल्या आणि त्या देऊन उंदराचा आजार सुधारला. माणसात मात्र शरीरात टिकून राहतील अशा रक्तमूलपेशी आयपीएसपासून घडवणे फार अवघड ठरले.

आपल्या शिबिरांच्या दृष्टीने अधिक जवळची गोष्ट प्लेटलेट्सची आहे. दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात. क्योतोमध्ये कोजी एतो यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून प्लेटलेट्स तयार केल्या आणि दात्याच्या प्लेटलेट्स जिला चालत नव्हत्या अशा एका रुग्णाला तिच्याच पेशींपासून बनवलेल्या दिल्या. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे देण्याआधी किरणोत्सर्गाचा मारा करून सोबत राहिलेल्या इतर पेशी मारून टाकता येतात आणि गाठीची भीती जवळजवळ उरत नाही. मला स्वतःला हे काम डोळे आणि मेंदूच्या बातम्यांपेक्षा अधिक आशादायक वाटते, जरी त्याचे मथळे झाले नाहीत.

जुना वाचक

मथळ्यांचे म्हणाल तर २०१४ चे एक प्रकरण आठवते. जानेवारीत जपानमधूनच असा दावा आला की, पेशी नुसत्या सौम्य आम्लात बुडवल्या तरी त्या मूलपेशी होतात. जगभर प्रयोगशाळांनी करून पाहिले, कोणालाच जमले नाही, आणि जुलैत ते दोन्ही शोधनिबंध मागे घेण्यात आले. यामानाकांची चार जनुके मात्र जगभर कुठेही चालली.

विक्षिप्त विद्यार्थी

या पेशींपासून अंडीही बनवतात असे वाचले आहे. पांढऱ्या गेंड्याच्या उत्तरेकडील उपजातीच्या आता केवळ दोन माद्या केनियात उरल्या आहेत, आणि साठवलेल्या त्वचेच्या पेशींना मागे नेऊन त्यांच्यापासून अंडी तयार करण्याचा प्रयत्न सुरू आहे. उंदरांत तर कात्सुहिको हायाशी यांनी २०२३ साली दोन नरांच्या पेशींपासून पिल्ले जन्माला घातली. शिवाय पेशींना पूर्ण मागे न नेता थोडेच मागे नेले तर म्हातारपणही मागे हटेल, असेही काही गट म्हणतात.

संपादक

गेंड्यांविषयी स्वतंत्र धागा काढल्यास आनंद होईल. कृपया येथे मूळ प्रश्नाला धरून लिहावे.

सूक्ष्मदर्शी

संपादकांची परवानगी गृहीत धरून शेवटच्या वाक्याला उत्तर देते, कारण माहितीपत्रकांत पुढची भर त्याचीच पडणार आहे. २०१६ साली अकाली वार्धक्य येणाऱ्या उंदरांत ही चार जनुके थोडा थोडा वेळ चालू-बंद केल्यावर ते अधिक जगले, हे खरे आहे. परंतु त्याआधी २०१३ साली उंदरांच्या शरीरात हीच जनुके चालू ठेवल्यावर ठिकठिकाणी गाठी आल्या होत्या, हेही तितकेच खरे आहे. ‘थोडे मागे’ कुठे संपते आणि ‘फार मागे’ कुठे सुरू होते हे प्रत्येक अवयवासाठी अजून शोधायचे आहे.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. वाचून माझा असा ग्रह झाला की, वीस वर्षांच्या आसपास काम होऊनही रुग्णाच्या हाती मोजक्या, छोट्या चाचण्यांपलीकडे काही पडलेले नाही. मग या शोधाला एवढे मोठे का मानायचे? हा प्रश्न मी कुचेष्टेने विचारत नाही.

सूक्ष्मदर्शी

कारण त्याचा आजचा मुख्य उपयोग शरीरात पेशी घालणे हा नाहीच. माझे रोजचे काम काय असते ते सांगितले तर हे कळेल.

एखाद्या आनुवंशिक हृदयविकाराच्या रुग्णाचे थोडे रक्त आमच्याकडे येते. त्यातील पांढऱ्या पेशींत ती जनुके घातल्यावर तीनेक आठवड्यांनी, विस्कळीत पेशींच्या मध्येच, सपाट, दाट आणि कडा रेखीव असलेल्या छोट्या वसाहती दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, बारीक टोकाने खरवडून, त्या एकेक करून वेगळ्या उचलायच्या. त्यांचे द्रव बहुधा रोज बदलावे लागते. रविवार असो, अनंत चतुर्दशी असो की पावसाने गाड्या बंद पडलेल्या असोत, त्या वाट पाहत नाहीत आणि दुर्लक्ष झाले की कडेने भलतेच काही बनू लागतात. पावसाळ्यात बुरशीने एखादी आख्खी तुकडी गेली तर आवरून पुन्हा सुरुवात करायची. मग त्यांना ठरावीक क्रमाने ठरावीक रसायने दिली की, दहाएक दिवसांत बशीतला एक कोपरा आपोआप आकसू-प्रसरू लागतो. ती त्या रुग्णाच्या हृदयाची पेशी असते, त्याच्याच दोषासह, आणि ती मिळवायला त्याच्या छातीला हात लावावा लागलेला नसतो.

पार्किन्सन्सच्या किंवा एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या मेंदूतून जिवंत पेशीचा तुकडा कोण काढू देईल? म्हणून आजवर आम्ही उंदरांवर किंवा मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूवर अवलंबून होतो, म्हणजे आग विझल्यावरची राख तपासत होतो. आता रुग्णाच्याच पेशींवर शेकडो औषधे टाकून पाहता येतात. जपानमध्ये केइओ विद्यापीठाने एएलएसच्या रुग्णांपासून बनवलेल्या चेतापेशींवर आधीच बाजारात असलेली औषधे तपासली, त्यांतून रोपिनिरोल हे नाव पुढे आले आणि ते रुग्णांवरील चाचणीपर्यंत गेले.

चेतातंतू

गंमत अशी की, रोपिनिरोल हे आम्ही पार्किन्सन्ससाठी कित्येक वर्षे लिहून देत आलो आहोत. मुलुंडकरांच्या वडिलांच्या औषधांतही कदाचित असेल.

मुलुंडकर

आहे. रोज रात्री मीच देतो.

अंधेरीचा आशावादी

सूक्ष्मदर्शी यांचे लिखाण आवडले, तरी माझे म्हणणे मी सोडत नाही. बशीतल्या पेशी बऱ्या होतील. रुग्णाने काय करावे, हे कोणी सांगितलेले नाही.

चेतातंतू

रास्त आहे, म्हणून सांगतो. गोळीचा परिणाम ओसरत असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलणे, ती डाळ-दूध-मांसाहारासारख्या प्रथिनांच्या जेवणापासून दूर ठेवणे, सोबत दुसरे औषध जोडणे, असे पुष्कळ करता येते. तेवढ्याने भागले नाही आणि रुग्ण योग्य असेल तर मेंदूत विद्युत्-अग्र बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईत होते. नियमित व्यायामाचा फायदा तर निर्विवाद आहे. हे सर्व करून झाले आहे का, हे आधी हालचालविकारांच्या तज्ज्ञाला विचारावे.

दवाखान्याला मात्र दोन गोष्टी विचाराव्यात. भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदणीचा, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक काय आहे? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे घेता? संशोधनातील प्रायोगिक पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेणे अपेक्षित नाही.

मुलुंडकर

काल आईसह जाऊन विचारले. त्यांनी बराच वेळ शोधून एक क्रमांक लिहून दिला. नोंदणीच्या संकेतस्थळावर पाहिले तर तो गुडघ्याच्या सांधेदुखीवरील चाचणीचा निघाला आणि ती दुसऱ्याच शहरातील होती. पैशांच्या प्रश्नावर ‘साहित्याचा खर्च’ असे उत्तर मिळाले. आईने परतताना गाडीत काही बोलणे टाळले, पण आज सकाळी तिने स्वतःच मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

वडिलांचा मात्र वेगळाच प्रश्न आहे. मी त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचे रक्त अशा संशोधनाला देता येईल का, असे ते विचारत आहेत.

सूक्ष्मदर्शी

देता येते, मात्र त्या आजारावर काम करणारा आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता असलेला प्रकल्प चालू असावा लागतो. संमतिपत्र मराठीत मागून घ्यावे आणि सावकाश वाचावे. पेशी किती वर्षे ठेवतील, दुसऱ्या संस्थेला किंवा कंपनीला देतील का, मध्येच नकार देता येईल का, हे त्यात लिहिलेले असते. त्यांना स्वतःला उपचार म्हणून काही मिळणार नाही, हे त्यांना आधी सांगा. रक्त थोडेसेच, नेहमीच्या तपासणीइतके घेतात. तज्ज्ञांच्या भेटीच्या वेळी असा प्रकल्प कुठे चालू आहे ते विचारून ठेवा. उपाशीपोटी यावे लागत नाही, आणि गोळीची वेळ चुकवू नये.